अण्णांची दाढी आणि एक पातं

घरातल्या काही वस्तू अशा असतात, की त्या आपण बायका रोज उचलतो, पुसतो, जागेवर ठेवतो. पण वापरत मात्र कधीच नाही. दाढीचं सामान त्यातलंच. बेसिनवर विसरलेला ब्रश धुऊन ठेवायचा, साबणाची वाटी पालथी घालायची, ब्लेडची पुडी मुलांच्या हाताला लागू नये म्हणून वरच्या फळीवर सरकवायची, आणि संपली की वाण्याच्या यादीत ‘ब्लेड’ लिहायचं. बस्स! लग्नानंतर वीस-बावीस वर्षं माझाही संबंध एवढाच होता.

गेल्या दीड वर्षापासून मात्र मी आठवड्यातून तीनदा दाढी करते. माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. हे सांगितलं की समोरची बाई आधी हसते, मग गप्प होते आणि मग हळूच विचारते, “भीती नाही हो वाटत?” या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट द्यावं, म्हणून हा लेख. कारण मैत्रिणींनो, ज्या घरात वडीलधारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं, त्या घरात हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. औषधं डॉक्टर सांगतात, कूस कशी बदलायची ते नर्स दाखवते, पथ्यपाण्याचं तर शेजारपाजारचेही सांगतात. दाढीचं मात्र कुणीच काही सांगत नाही.

वस्तऱ्याचे दिवस

आमचे अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या खिडकीत बसून त्यांनी उभी हयात गाड्यांच्या वेळा सांगितल्या. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस आणि गुळगुळीत दाढी, यात निवृत्तीनंतरही कधी फरक पडला नाही. पण त्यांनी स्वतः दाढीचं पातं हातात धरलेलं मी कधी पाहिलं नाही. आमचे न्हावीकाका एक दिवसाआड सकाळी साडेसहाला घरी येत. काखेत धोकटी. त्यात वस्तरा, कात्री, नराणी, तुरटीचा खडा, छोटा आरसा आणि वस्तरा परजायला चामड्याचा पट्टा. ओसरीवर अण्णा भिंतीला टेकून पाटावर बसायचे आणि काका समोर उकिडवे. पट्ट्यावर वस्तऱ्याचा ‘सप-सप’ आवाज आला, की स्वयंपाकघरात सासूबाई दुसऱ्या चहाचं आधण ठेवायच्या.

काकांच्या वडिलांनी अण्णांच्या वडिलांची दाढी केलेली. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांत न्हावीही होता. त्या काळात वर्षभराच्या कामाचं बलुतं सुगीला धान्याच्या रूपात मिळायचं. आमच्या घरी पुढे त्याचे महिन्याचे पैसे झाले, पण येणं-जाणं तेच राहिलं. काकांच्या घरी संत सेना महाराजांची तसबीर आहे. सकाळी तिला हात जोडूनच ते धोकटी उचलत.

२०२३ च्या नोव्हेंबरात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण तोंडातून एखादाच शब्द फुटतो. बारा दिवस दवाखान्यात काढून घरी आणलं, तेव्हा चेहऱ्यावर पांढऱ्या दाढीचं रान माजलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका न बोलावता आले. पलंगाशी स्टूल ओढलं आणि अर्धा तास लावून त्यांनी दाढी केली. त्यानंतर चार-पाच महिने ते असेच येत राहिले. मग एक दिवस मला बाजूला बोलावून म्हणाले, “सूनबाई, आता माझा हात भरवशाचा राहिला नाही. डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. अण्णांच्या गळ्याशी वस्तरा धरायचा म्हणजे माझ्याच पोटात गोळा येतो.” पंचाहत्तरी उलटलेल्या माणसानं किती ओढायचं! त्यांचा मुलगा स्टँडजवळ सलून चालवतो. तोही येऊन गेला, पण सकाळची गिऱ्हाइकं सोडून दर दोन दिवसांनी घरी येणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं. त्यात त्याला दोष देण्यासारखंही काही नाही.

दाढी वाढली तर काय बिघडतं?

पुष्कळ जण हेच म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाची दाढी वाढली तर वाढली. कुठं लग्नाला जायचंय?” पण ज्यांनी आजारी माणसाचं केलंय, त्यांना माहीत आहे. झटक्यानं तोंड एका बाजूला ओढलेलं असतं. त्या कोपऱ्यातून लाळ गळते, भरवलेल्या खिमटाची शितं दाढीत अडकतात. कितीही पुसलं तरी केसांच्या मुळाशी ओल राहते, कातडी लाल होते आणि खाज सुटते. एक हात निकामी, दुसऱ्या हातानं माणूस खाजवत बसतो. गालावर पुरळ आलं, की नवीन मलम सुरू.

याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. स्टँडवरचे जुने सहकारी अण्णांना भेटायला यायचे. काका येत होते तोवर अण्णा त्यांच्याकडे बघून हसायचे, डावा हात पुढे करायचे. दाढी वाढल्यापासून माणसं आली, की अण्णा भिंतीकडे तोंड फिरवून डोळे मिटून घेऊ लागले. पाहुणे म्हणायचे, “झोपलेत वाटतं,” आणि चहा घेऊन निघून जायचे. ते झोपलेले नसायचे, हे मला माहीत होतं. वाचा गेलेल्या माणसाजवळ लोकांसमोर न्यायला चेहराच तेवढा उरतो. तोच त्यांना दाखवावासा वाटत नव्हता.

मग करायची कुणी? आमच्या यांची नोकरी बाहेरगावी. सकाळी साडेसहाला घर सोडतात, रात्री नऊला परततात. मुलगा बारावीला. सासूबाईंचे हात संधिवातानं आखडलेले. उरले मी. पण सुनेनं सासऱ्यांच्या गालाला हात लावायचा? लग्न होऊन आले तेव्हा अण्णांसमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायची पद्धत नव्हती. समोर खुर्चीवर बसायचीही नव्हती. आमच्या वन्सं फोनवर म्हणाल्या, “अगं, दाढी काय बाईनं करायची असते होय?” खुद्द अण्णांची पहिली प्रतिक्रियाही तीच. मी गरम पाण्याचा मग घेऊन जवळ गेले, तर त्यांनी डाव्या हातानं तो बाजूला सारला.

वस्तरा आणि बाई

वन्संच्या त्या वाक्यानं मी विचारात पडले. कॉलेजात इतिहास होता माझा. बाई आणि वस्तरा यांचं आपल्याकडचं नातं मोठं वाईट आहे. नवरा गेला की बाईच्या डोक्यावर वस्तरा फिरायचा. केशवपन! कधीकधी तर अजून न्हाणही न आलेल्या पोरीचं. तिला कुणी विचारायचं नाही. या रूढीविरुद्ध जोतीराव फुल्यांनी आवाज उठवला. पुढे १८९० साली मुंबईत त्यांचे सत्यशोधक सहकारी आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधवांची सभा भरली. विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही, असं त्या सभेत ठरलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवायचं ठरवलं. बाईच्या बाजूनं उभं राहायला त्या माणसांजवळ ना शिक्षण होतं, ना पैसा. तरी ती उभी राहिली.

तेव्हा बाईनं वस्तऱ्याला हात लावायचा नाही, हा नियम कुठल्या शास्त्रात आहे? आपल्या डोक्यावर तो चालत होता, तेव्हा कुणाला संकोच वाटला नाही. मग एका आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून तो आपण हातात घेतला, तर संकोच कशाचा? हे मी सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “माझे हात चालत असते तर मी केलीच असती की. तू कर.” अण्णांच्या पलंगाशी जाऊन त्यांनाही तेच सांगितलं, जरा दटावूनच. अण्णांनी मान हलवली.

कुठलं हत्यार?

संकोच संपला, तशी भीती पुढे आली. अण्णांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “जरा खरचटलं तरी रक्त लवकर थांबायचं नाही. उघडा वस्तरा नकोच. विजेवरचं यंत्र सगळ्यात सुरक्षित.” यांनी लगेच आणून दिलं. पण ते कानाशी गुरगुरलं, की अण्णा दचकायचे. शिवाय खुंट राहायचे ते राहायचेच. जन्मभर वस्तऱ्याची दाढी केलेल्या माणसाला ती दाढी वाटेना. (तुमच्या घरातल्या माणसाला रक्त पातळ करण्याची जोरकस औषधं चालू असतील आणि डॉक्टरांनी यंत्रच वापरा असं सांगितलं असेल, तर मात्र त्यांचंच ऐकायचं.)

मग यांचा जुना रेझर. दांडा फिरवला की वरची झाकणं उघडतात आणि आत दुधारी पातं बसतं, तो. स्वतःची दाढी करायला तो उत्तम. पण दुसऱ्याची दाढी करताना मला एक अडचण जाणवली. पातं किती तिरकं धरायचं, हे सगळं आपल्या हातावर. धार दोन्ही बाजूंना. आपलं लक्ष गालाकडच्या धारेवर असतं आणि मागची धार कधी नाकपुडीशी, कधी कानाच्या पाळीशी गेलेली असते. समोरच्यानं मान जराशी हलवली तर? अण्णांचा उजवा गाल बधिर आहे, तिथं कापलं तरी त्यांना कळणार नाही. मी तो रेझर स्वतःच्या हातावर फिरवून पाहिला आणि परत फळीवर ठेवला.

मेडिकलच्या दुकानात शोधता शोधता हाती लागला तो एका पात्याचा रेझर. एकच पातं, त्याला एकाच बाजूनं धार आणि धारेच्या पुढे कंगव्यासारखे दाते. डोकं किंचित हलतं, त्यामुळे गालाच्या चढउताराप्रमाणे ते आपोआप वळतं. पातं तिरकं किती धरायचं, हा विचारच करावा लागत नाही. वजन तर नसल्यासारखंच.

हे काही एका दिवसात झालेलं नाही. कातडी आणि धार यांच्यामध्ये काहीतरी आड घालावं, ही कल्पना फार जुनी. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या ज्यां-जाक पेरे नावाच्या कारागिरानं वस्तऱ्याला लाकडाचं आवरण बसवलं, म्हणजे धार तेवढी बाहेर राहील. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी ‘स्टार’ नावाच्या रेझरचं पेटंट घेतलं. त्यात वस्तऱ्याचा छोटा तुकडाच बसवलेला असे, एकाच बाजूला धार असलेला. पण त्याला वरचेवर परजावं लागायचं. मग किंग कॅम्प जिलेट यांनी वापरून टाकून द्यायचं पातळ, दुधारी पातं आणलं. १९०३ मध्ये त्यांची विक्री सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षात अवघे ५१ रेझर खपले आणि १६८ पाती! पुढे मात्र त्यांच्या दुधारी पात्यानं जग जिंकलं. आपल्याकडचे न्हावीही आता तेच पातं मधोमध मोडून अर्धं उस्तऱ्यात खोचतात आणि दर गिऱ्हाइकाला बदलतात. एड्सबद्दल जागृती झाल्यापासून ही चांगली सवय लागली. मात्र त्या उस्तऱ्याला पुढे दाते नसतात. तो कसलेल्या हातासाठीच.

आपल्याकडच्या एका पात्याच्या रेझरची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. जिलेट कंपनीनं भारतासाठी म्हणून आधी एक रेझर काढला होता. तो अमेरिकेतल्या एका नामांकित संस्थेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना वापरायला दिला. त्यांना आवडला. पण भारतात आल्यावर तो चालेना. का? त्या विद्यार्थ्यांच्या बेसिनला वाहतं पाणी होतं. इथं लाखो पुरुष जमिनीवर बसून, हातात छोटा आरसा धरून, पेलाभर पाण्यात दाढी करत होते. तेवढ्या पाण्यात पात्यात अडकलेले केस निघेनात. मग त्या कंपनीची माणसं भारतातल्या घराघरांत गेली, बसली, दाढी कशी करतात ते पाहिलं आणि २०१० मध्ये एका पात्याचा ‘गार्ड’ बाजारात आला. पुढे मोठे दाते, पेल्यात बुडवून हलवलं की धुतलं जाणारं पातं आणि खिळ्याला अडकवायला दांड्याला भोक. तेव्हा रेझर पंधरा रुपयांना आणि नवं पातं पाच रुपयांना होतं.

आता पाहा, मैत्रिणींनो. आजाऱ्याच्या पलंगाशी तरी कुठं असतो नळ? तिथंही एक मग पाणी, एक टॉवेल आणि खिडकीतून येईल तेवढा उजेड. जमिनीवर बसून दाढी करणाऱ्या गरीब माणसासाठी जे केलं गेलं, तेच पलंगावरच्या माणसालाही नेमकं उपयोगी पडतं. तीन आणि पाच पात्यांचे महागडे रेझरही दुकानात होते. पण तीन दिवसांच्या राठ खुंटांनी ते लगेच बुजतात. शिवाय म्हाताऱ्या, पातळ कातडीवर एका फटक्यात एवढी पाती फिरवायची गरजच काय? नाव कुठलंही घ्या, कंपनी कुठलीही असो. एक पातं आणि पुढे दाते, एवढं मी पाहते.

पहिली दाढी

पहिल्या दिवशी मी न्हावीकाकांना बोलावून घेतलं. ते खुर्चीवर बसले, तो रेझर डोळ्याजवळ नेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “हे खेळणं आणलं होय!” पण शिकवलं मात्र मन लावून. “घाई नाही करायची. आधी केस भिजू द्या. साबण गोल गोल फिरवून लावा. डाव्या हातानं कातडी ताणा. रेघ ओढू नका, झाडल्यासारखं करा. हलक्या हातानं, बोटभर लांबीचं.”

अण्णांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी कल्ल्यापासून खाली आले. खर्रर्र असा बारीक आवाज आला आणि फेसाच्या मध्ये गालाचा स्वच्छ पट्टा दिसला. मगात रेझर हलवला, तर केस सुटून पाण्यावर तरंगायला लागले. अर्धा गाल झाल्यावर अण्णांनी एक डोळा उघडून काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “चाललंय, चाललंय. नवं गडी आहे, पण बरं आहे.” सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

चाळीस मिनिटं लागली. कुठं लाल ठिपकासुद्धा आला नाही. काकांनी सवयीनं तुरटीचा खडा पुढे केला. मी ओल्या गालावरून तो फिरवला, टॉवेलनं टिपलं आणि आरसा समोर धरला. अण्णांनी आरशात पाहिलंच नाही. डावा हात उचलून गालावरून, हनुवटीखालून सावकाश फिरवला. उजव्या जबड्याखाली बोट थांबलं. तिथं दोन वेळा टकटक केली आणि मोठ्या प्रयासानं म्हणाले, “इथं.” चार केस राहिले होते. स्टँडवर गाडी तीन मिनिटं उशिरा आली तरी वहीत नोंद करणारा माणूस! झटक्यानंतर त्यांनी कुणाच्या कामात काढलेली ती पहिली खोड. आम्हाला सगळ्यांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्याच आठवड्यात स्टँडवरची मंडळी आली. अण्णा भिंतीकडे वळले नाहीत. कुणी काय बोललं, यापेक्षा मला तेवढंच पुरे होतं.

तुम्हाला करायची असेल तर

काकांनी, डॉक्टरांनी आणि दीड वर्षाच्या सवयीनं शिकवलेलं थोडक्यात सांगते.

सकाळी, उजेड असताना आणि खाणं होऊन अर्धा तास झाल्यावर करा. पाठीशी उशा लावून आजाऱ्याला अर्धवट बसतं करा. अगदी आडवं ठेवलं, तर फेस आणि लाळ घशात जाण्याची भीती असते. मानेभोवती टॉवेल गुंडाळा. कवळी असेल तर ती तोंडात बसवूनच दाढी करा. बसलेले गाल त्यामुळे भरतात आणि पातं सरळ चालतं.

कोमट पाण्यात पिळलेला रुमाल दोन-तीन मिनिटं दाढीवर ठेवा. केस मऊ पडले, की अर्धं काम झालं. साबण किंवा क्रीम भरपूर. नुसत्या पाण्यावर कधीही नको. मग एका हातानं कातडी हलकेच ताणून, केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं छोटे छोटे फटके. गालावर साधारण वरून खाली. गळ्यावर मात्र केसांची दिशा बदलते; तिथं आधी बोटानं चाचपून पाहा. वरच्या ओठावर नाकाकडून खाली. जोर अजिबात द्यायचा नाही. पातं ओढू लागलं, तर जोर वाढवू नका, पातं बदला. दर दोन-तीन फटक्यांनी रेझर पाण्यात हलवा. उलट्या दिशेनं गुळगुळीत करायच्या मोहात पडू नका. आपल्याला कुठं फोटो काढायचाय!

लकवा असेल तर त्या बाजूला दुप्पट लक्ष. तिथं दुखलं तरी माणूस सांगू शकत नाही. गालावर पुरळ, फोड, तीळ किंवा मस असेल तर त्याला वळसा घाला. झालं की साध्या पाण्यानं पुसून, टिपून, थोडं खोबरेल तेल. कापलंच, तर स्वच्छ कापड दाबून धरा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर जास्त वेळ दाबावं लागतं. थांबलंच नाही, तर डॉक्टरांना कळवायला कचरायचं नाही.

एका माणसाचा रेझर दुसऱ्याला कधीही वापरायचा नाही, बाप-लेक असले तरी. रक्ताचा दिसतही नाही एवढा अंश पात्यावर राहतो, आणि हेपॅटायटिस बी, सी म्हणजे काविळीचे ते वाईट प्रकार अशा वाटेनंही पसरतात. आणि जुनं पातं कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. आमच्या मंडळाच्या कामात घंटागाडीवरच्या बायकांच्या तळहातांवरच्या चिरा मी पाहिल्या आहेत. झाकणाला चीर पाडलेला एखादा पत्र्याचा डबा ठेवा. त्यात पाती साठवा. भरला की चिकटपट्टीनं बंद करा, वर ‘पाती’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि सांगून हातात द्या.

पण हे काम कुणाचं?

आमचं महिला मंडळ आजारी वृद्ध असलेल्या घरी अधूनमधून जातं. बोलता बोलता मी हा रेझर दाखवते, कशी करायची ते सांगते. बायका चटकन शिकतात. भाकरीला हलका हात लागतोच की! एक ताई तर म्हणाल्या, “एवढंच होतं होय? मी आठ महिने दिराच्या पाया पडत होते.”

हे ऐकून आनंद झाला आणि थोडं खटकलंही. कारण आपल्याकडे काय होतं, एखादं काम सोपं झालं की ते आपोआप बाईच्या पदरात पडतं. आधीच भरवणं, पुसणं, कपडे, औषधं, कूस बदलणं, रात्रीचं जागणं सगळं तिच्याकडे. आता दाढीही तिचीच! वस्तरा होता तोवर “ते कसबी माणसाचं काम” म्हणून निदान तेवढं बाहेरच्याकडे होतं, आणि त्याचे दोन पैसेही कुणाला तरी मिळत होते.

म्हणून आमच्या घरी मी एक नियम केला. मंगळवार आणि गुरुवार माझे. रविवार बाप-लेकांचा. यांनी सुरुवातीला “माझा हात थरथरतो” म्हणून पाहिलं. मी म्हटलं, “माझाही थरथरत होता.” आता ते करतात. जन्मभर वडिलांसमोर मान वर करून न बोललेला हा मुलगा दाढी करता करता त्यांना आठवड्याच्या गोष्टी सांगतो. अण्णा ऐकतात, मध्येच “हं” म्हणतात. बारावी होऊन कॉलेजला गेलेला नातूही शिकला आहे. तो सगळ्यात हळू करतो आणि अण्णा सगळ्यात जास्त खोडी त्याच्याच काढतात. केस कापायला न्हावीकाकांचा मुलगा महिन्यातून एकदा येतो. ते काम त्याचंच, आणि त्याचे पैसेही त्याचेच.

दात्यांच्या एका पात्यानं आमचं मोठं काम झालं. त्यानं कसबाची आणि धाडसाची अट काढून टाकली. पण ती अट निघाली ती फक्त सुनांपुरतीच नाही. मुलगा, नातू, जावई, पुतण्या, कुणीही हे काम अर्ध्या तासात शिकू शकतो. “आम्हाला जमत नाही” हे म्हणायला आता जागा उरलेली नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणी अंथरुणाला असेल, तर भीती आणि संकोच बाजूला ठेवून एकदा करून पाहा. त्या माणसाच्या हातात आरसा द्या, आणि राहिलेले चार केस त्यानं दाखवले तर राग मानू नका. आणि दुसऱ्यांदा करताना घरातल्या एखाद्या पुरुषाला शेजारी उभं करा. टॉवेल धरायला नव्हे, शिकायला. तिसऱ्यांदा रेझर त्याच्या हातात द्या आणि तुम्ही तेवढा वेळ पेपर घेऊन खुशाल ओसरीवर बसा.